‘हळद’ म्हणायला काय काय लागतं

औंढा नागनाथच्या जवळ, दुधाळा गावाच्या शिवारात एक कान तयार होतो आहे. ‘लायगो-इंडिया’ हे त्याचं नाव. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आतली हवा जवळजवळ सगळी काढून घेतलेली, टोकांना आरसे आणि त्यांच्यामध्ये ये-जा करणारा लेझरचा किरण. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ११ मे २०२३ ला पायाभरणी झाली. त्याची अमेरिकेतली दोन थोरली भावंडं आधीच कामाला लागलेली आहेत. १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, तेव्हा उठलेली गुरुत्वाकर्षणाची लहर त्यांनी १४ सप्टेंबर २०१५ ला ‘ऐकली’. त्या लहरीमुळे चार किलोमीटर लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्याही काहीशेव्या हिश्श्याएवढा होता.

एवढं बारीक ऐकायचं, तर सगळ्यात जास्त मेहनत लागते ती नको ते न ऐकण्यासाठी. दूरची रेल्वे, रस्त्यावरचा ट्रक, किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटा, सगळ्यांची थरथर आरशांपर्यंत पोचते. या दोन भावंडांपैकी हॅनफर्डच्या वेधशाळेत तर एकदा नोंदींमध्ये चमत्कारिक टकटक दिसू लागली. शोध घेतला तेव्हा कळलं, की बाहेरच्या गार नळीवर जमलेला बर्फ डोमकावळे चोचीने फोडत होते! म्हणून तिथे आरसे एकाखाली एक अशा चार लोलकांवर टांगतात, कितीतरी उपकरणं नुसता आजूबाजूचा गोंगाट मोजत बसतात, आणि तो गोंगाट मूळ नोंदीतून वजा केला जातो. हिंगोलीची निवड करतानाही जमीन किती शांत आहे हे पाहिलं गेलं. (याच जिल्ह्यात वसमत-कळमनुरीकडच्या काही गावांना जमिनीच्या पोटातली गुरगुर ओळखीची आहे, आणि मार्च २०२४ मध्ये भूकंपाचे धक्केही बसले. तेव्हा ‘शांत’ हा शब्द जरा सैलच धरायचा.)

या कानाबद्दल वाचताना मला दरवेळी दुसरं एक यंत्र आठवतं. वजन किलो-सव्वा किलो. दुधाळ्याला काय किंवा सेनगावला काय, कुठल्याही अंगणवाडीत तीन-चार वर्षांच्या लेकराच्या डोक्यात ते असतं. आजूबाजूचा गोंगाट वजा करायचा आणि तोंडातून ‘हळद’ हा शब्द बाहेर काढायचा, ही दोन्ही कामं तेच करतं. वरवर पाहता एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. पण काही लेकरांच्या बाबतीत ही दोन्ही कामं एकदमच अडखळतात, आणि तिथे लक्षात येतं की आपण ज्याला ‘बोलणं’ म्हणतो, त्याचा बराचसा भाग जाणवण्याचा आहे.

असं लेकरू डोळ्यांसमोर आणा. वय चार. कान तपासलेले, चांगले आहेत. ‘आजीचा चष्मा देवळीतून आण’ म्हटलं की बरोबर आणतं. पण ‘हळद’ म्हणायला गेलं की एकदा ‘अलद’ निघतं, पुढच्या वेळी ‘हदळ’, तिसऱ्या वेळी नुसतं ‘हा…’ आणि मग ओठ आणि जीभ अंधारात कडी चाचपडावी तशी जागा शोधत राहतात. आवाज येत नाही. कधीतरी खेळण्याच्या नादात, कुणीही विचारलेलं नसताना, ‘हळद’ असं स्वच्छ ऐकू येतं. आई हातातलं काम टाकून धावत येते, ‘परत म्हण, बाळा!’ तोवर शब्द गेलेला असतो. पाहुण्यांसमोर तर तो येतच नाही. मग कुणी म्हणतं, ‘मुद्दाम करतंय, येतं त्याला.’ कुणी म्हणतं, ‘त्याचा बापबी उशिराच बोलला होता.’ कुणी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगतं, कुणी पोपटाने उष्टावलेला पेरू आणून देतं.

याला स्पीच अ‍ॅप्रॅक्सिया म्हणतात. ‘प्रॅक्सिस’ म्हणजे ग्रीकमध्ये कृती. ह्यूगो लीपमान या जर्मन वैद्याने १९०० च्या सुमारास, हातात ताकद असूनही सांगितलेली कृती जमत नाही अशा रुग्णांचं वर्णन करताना ‘अ‍ॅप्रॅक्सिया’ला आजचा अर्थ मिळवून दिला. लेकरांच्या स्पीच अ‍ॅप्रॅक्सियात जिभेत ताकद असते, डोक्यात शब्दही असतो. शब्दापासून जिभेपर्यंतच्या हालचालींचा बेत तेवढा जुळत नाही. एकाच शब्दाच्या दरवेळी वेगळ्या चुका ही त्याची सगळ्यात बोलकी खूण. स्वरसुद्धा चुकतात, अक्षरांमधले सांधे लांबतात, आणि वाक्याची चाल सपाट किंवा भलत्याच जागी जोर दिलेली वाटते. अमेरिकेतल्या वाचातज्ज्ञांच्या संघटनेने २००७ साली या खुणांवर एकमत नोंदवलं. दर हजार मुलांमागे एक-दोघांना हा त्रास असावा असा अंदाज आहे. हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांच्या घरात होती. त्यातली तीन-साडेतीन लाख मुलं धरली, तरी काहीशे घरांत हा खेळ चाललेला असणार, आणि बहुतेक घरांत त्याला नावही नसणार.

आता ‘हळद’ म्हणून पाहा. मोठ्याने, आणि अगदी सावकाश.

‘ह’ला जीभ जवळजवळ काहीच करत नाही, नुसता गळ्यातून श्वास सुटतो. लगेच पुढच्या क्षणाला जिभेचं टोक मागे वळतं आणि टाळूच्या उंच भागाला चाटून खाली येतं, तो ‘ळ’. मग तेच टोक पुढे धावत येऊन दातांच्या मागे टेकतं, तो ‘द’. दोन इंचांच्या खोलीत एवढी धावपळ, आणि साध्या गप्पांमध्ये आपण सेकंदाला दहा-बारा ध्वनी या वेगाने हे करतो. ओठ, जीभ, जबडा, पडजीभ, गळा, छाती मिळून शंभराच्या आसपास स्नायू कामाला लागतात. कुणीही आपल्याला ‘आता जीभ मागे वळव’ असं कधी शिकवलेलं नसतं.

हा प्रवास नकाशावर मांडण्याचं काम आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेलं. शाळेत आपण वर्णमाला गाणं म्हणून पाठ करतो आणि विसरतो, की ती तोंडाचा नकाशा आहे. ‘क’ गळ्याशी, ‘च’ टाळूपाशी, ‘ट’ मूर्धेशी, ‘त’ दातांपाशी, ‘प’ ओठांवर. घशापासून निघून दारापर्यंत येणारी पाच गावं. ज्यांनी हा क्रम लावला त्यांच्याकडे आरसा असेल-नसेल, एक्स-रे तर नव्हताच. त्यांनी फक्त जीभ कुठे टेकते ते जाणवून घेतलं. माझ्या मते स्पर्शज्ञानाच्या जोरावर झालेलं हे जगातलं एक सगळ्यात थोर शास्त्रीय काम आहे.

आणि हेच जाणवणं प्रत्येक बाळाला नव्याने शिकावं लागतं. डोळे मिटा आणि तुमची जीभ या क्षणी कुठे आहे ते सांगा. सांगता आलं ना? स्नायू आणि सांध्यांमधल्या संवेदकांकडून मेंदूला सतत कळत असतं, की कुठला अवयव कुठे आहे. दाताच्या डॉक्टरांनी सुई देऊन जबडा बधिर केला की त्याची किंमत कळते: जीभ चालते, ओठ चालतात, पण बोलणं बोबडं होतं आणि गाल चावला जातो. वाइल्डर पेनफिल्ड या मेंदूच्या शल्यविशारदाने १९३७ मध्ये जागे असलेल्या रुग्णांच्या मेंदूला बारीक विजेचा स्पर्श करून, कुठली जागा कुठल्या अवयवाची आहे याचा आराखडा काढला. त्या आराखड्यात अख्ख्या पाठीला चिमूटभर जागा मिळते. ओठ, जीभ आणि हात मात्र संस्थानिकांसारखे पसरून बसलेले आहेत.

या विषयातला मला सगळ्यात विलक्षण वाटलेला प्रयोग कॅनडातला आहे, पण त्यातली अक्षरं आपली आहेत. जेनेट वर्कर या संशोधिकेने १९८४ मध्ये दाखवलं, की इंग्रजी घरात वाढणाऱ्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक कळतो. वर्षाचं होईपर्यंत तो कळेनासा होतो, कारण घरात तो कधी लागतच नाही. वसमतच्या बाळाला तो आयुष्यभर कळतो. इथपर्यंत हा कानाचा विषय. पुढे २०१५ मध्ये त्याच गटाने सहा महिन्यांच्या बाळांना ‘द’ आणि ‘ड’ ऐकवले, आणि ऐकवताना तोंडात दात शिवशिवताना चघळायला देतात तसं खेळणं धरलं. एक खेळणं जिभेचं टोक दाबून ठेवणारं, दुसरं जीभ मोकळी ठेवणारं. जीभ मोकळी असलेल्या बाळांना फरक कळला. जीभ अडकलेल्यांना कळला नाही!

या बाळांनी अजून ‘द’ही म्हटलेला नाही आणि ‘ड’ही. त्यांना फक्त ऐकायचं होतं. तरी जिभेचं टोक अडवलं की कान गोंधळला. म्हणजे बाळ ऐकतं तेव्हा त्याची जीभही गुपचूप ऐकत असते.

अ‍ॅप्रॅक्सियाचं कोडं काही अंशी इथूनच उलगडायला लागतं. सराईत बोलणारा माणूस स्वतःचा आवाज ऐकत ऐकत, दुरुस्त करत बोलत नाही. तेवढा वेळच नसतो. मेंदू हालचालीचा बेत आधीच पाठवतो आणि ‘आता तोंडात असं वाटेल, कानावर असं पडेल’ असा अंदाजही बांधून ठेवतो. प्रत्यक्षात तसंच घडलं, की तो ते चक्क वजा करून टाकतो. आपण स्वतःला गुदगुल्या करू शकत नाही, ते याच वजाबाकीमुळे. बोलताना स्वतःच्या आवाजाला मेंदूचा श्रवणविभाग एरवीपेक्षा मंद दाद देतो, तेही त्यामुळेच. लायगोवाले जे उपकरणांनी करतात, ते डोकं जन्मापासून करत आलं आहे.

स्पीच अ‍ॅप्रॅक्सिया असलेल्या लेकरांमध्ये हा आधीचा बेत कच्चा राहतो, असं अनेक संशोधक मानतात. मग ते लेकरू मागून येणाऱ्या खबरीवर, म्हणजे स्वतःच्या कानावर आणि जिभेच्या स्पर्शावर, जास्त विसंबून राहतं. नवा माणूस ट्रॅक्टर चालवतो तसं: दर हातभर अंतराला खाली वाकून चाक पाहायचं. २०१५ मधल्याच एका अमेरिकन अभ्यासात मुलांच्या कानांवर खरखर सोडून त्यांचा स्वतःचा आवाज झाकला, तेव्हा अ‍ॅप्रॅक्सिया असलेल्या मुलांचे उच्चार इतरांपेक्षा जास्त ढळले. टेकायची काठीच काढून घेतली होती.

आता कल्पना करा, की ज्या खबरीवर एवढा भार आहे, ती खबरच धड येत नाही.

फेब्रुवारी-मार्चात वसमत तालुक्यातल्या एखाद्या हळदीच्या घरी जा. एका बाजूला कंद शिजवायचा कुकर वाफ सोडतोय, उग्र वास नाकात बसलाय, दुसरीकडे वाळलेल्या हळकुंडांना पॉलिश करणारा लोखंडी ड्रम खडखडतोय. मोठी माणसं त्यातच फोनवर बोलतात. पाच मिनिटांत ड्रमचा आवाज त्यांच्यापुरता बंद झालेला असतो. पण एखादं लेकरू दोन्ही हातांनी कान झाकून बाजेखाली जाऊन बसतं. त्याच्यासाठी ड्रम पहिल्या मिनिटाला जेवढा मोठा, तेवढाच विसाव्या मिनिटालाही. त्याच अंगणात दुसरं लेकरू मुद्दाम पोत्यांच्या थप्पीवर अंग झोकून देत असतं, स्वतःभोवती गरागरा फिरत असतं, शर्टाची कॉलर चावून ओली करत असतं. आणि तिसरं शांत असतं. इतकं की चप्पल उलट-सुलट पायांत गेली, हनुवटीवर लाळ ओघळली, तरी त्याला पत्ता नसतो. जेवताना ते घासावर घास कोंबत राहतं, कारण तोंड गच्च भरेपर्यंत त्याला तोंडात काही आहे असं वाटतच नाही.

पहिल्याला जास्त जाणवतं, तिसऱ्याला कमी, आणि दुसरं लेकरू जाणवण्याच्या शोधात असतं. एकाच लेकरात हे तिन्ही वेगवेगळ्या वेळी दिसू शकतं: आवाज सोसत नाही, पण घट्ट मिठी सारखी हवी असते. वरण-भातात एखादा कढीपत्ता सापडला की ओकारी येते. डोक्यावरून पाणी, नखं कापणं, न्हाव्याची कात्री म्हणजे घरात महाभारत. स्पीच अ‍ॅप्रॅक्सियाची शंका असलेल्या मुलांच्या पालकांना असे प्रश्न पद्धतशीरपणे विचारून अमेरिकेत २००९ मध्ये एक अभ्यास झाला. त्यात या मुलांची संवेदनांना दाद देण्याची तऱ्हा इतर मुलांपेक्षा वेगळी निघाली. सगळ्यांना हे होत नाही. अ‍ॅप्रॅक्सियाच्या व्याख्येतही ते बसत नाही. पण दोन्ही एका घरी मुक्कामाला असल्याचं दिसतं खरं, आणि ज्याला स्वतःच्या तोंडातला घास नीट कळत नाही त्याला ‘ळ’ची जागा शोधणं किती कठीण जात असेल, हे समजायला तज्ज्ञ असायची गरज नाही.

संवेदनांच्या या प्रश्नाला वैद्यकाच्या चौकटीत आणलं ते जीन एअर्स या कॅलिफोर्नियातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने. १९७२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी मांडलं, की डोळे-कानांइतकेच महत्त्वाचे आणखी काही संवेदनमार्ग आहेत: तोल, स्नायूंची जाण, कातडीचा स्पर्श. आणि या सगळ्यांच्या बातम्या मेंदूत एकत्र विणल्या जातात, तेव्हा कुठे मूल हालचाल आखायला शिकतं. यावर आजही वाद आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये बजावलं, की ‘संवेदन-प्रक्रियेचा विकार’ असं स्वतंत्र निदान लिहू नका, आणि झोके-ब्रशच्या उपचारांचे पुरावे मर्यादित आहेत हे पालकांना सांगा. मानसिक विकारांच्या अमेरिकन सूचीतही त्याला वेगळा क्रमांक नाही. स्वमग्नतेच्या लक्षणांमध्ये मात्र २०१३ पासून संवेदनांचा उल्लेख आहे. मला हा सावधपणा योग्य वाटतो. निदानाच्या नावावर वाद जरूर घालावा, पण बाजेखाली कान झाकून बसलेलं लेकरू खरं आहे, आणि ते नाटक करत नाही.

ऑक्युपेशनल थेरपीची भारतातली सुरुवात महाराष्ट्रात झाली, हे आपल्याला सहसा ठाऊक नसतं. एलिझाबेथ लंडी नावाची अमेरिकन मुलगी विष्णू निंबकरांशी लग्न करून इकडे आली, कमला निंबकर झाली, आणि १९५० साली तिने मुंबईत केईएम रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा काढली. फलटणचं कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचं.

मग उपचार काय? इथे दोन धागे वेगळे ठेवायला हवेत, कारण त्यांची गल्लत करून पुष्कळ पैसा आणि त्याहून जास्त वेळ वाया जातो. झोका, जड गोधडी, हात-पाय दाबून देणं, पोती ढकलायचा खेळ यांनी एखादं लेकरू शांत होत असेल, समोर बसून दहा मिनिटं लक्ष देऊ शकत असेल, तर ते जरूर करावं. (आपल्या आज्यांनी तेल-मालिश, झोळी आणि घट्ट दुपटं हे सगळं आधीच शोधून ठेवलं होतं, फक्त त्याला फी नव्हती.) पण झोक्याने ‘हळद’ येत नाही. शिट्ट्या फुंकणं, जीभ बाहेर काढून डावी-उजवीकडे नेणं, गाल फुगवणं, अशा व्यायामांनीही बोलणं सुधारल्याचा भक्कम पुरावा नाही. पोहायला शिकायचं तर पाण्यातच उतरावं लागतं. वेखंडाबद्दल वेगळं लिहायला नकोच.

बोलणं येतं ते बोलण्याच्या सरावाने, आणि तो सराव जिभेसाठी रचलेला असावा लागतो. एडिथ स्ट्रँड या अमेरिकन तज्ज्ञ बाईंनी बसवलेल्या पद्धतीत थेरपिस्ट लेकरासमोर, चेहऱ्यासमोर चेहरा येईल असं बसतात. मोजकेच शब्द निवडतात, रोज लागणारे: ‘आई’, ‘दे’, ‘नको’, ‘पाणी’. आधी दोघं एकदम म्हणतात, अगदी सावकाश, शब्द ताणून. गरज पडली तर ओठ मिटायला किंवा जबडा उघडायला बोटाने हलकासा स्पर्श करतात. लेकरू पाहतं, ऐकतं आणि त्याला स्पर्शही कळतो: एकाच शब्दाच्या तीन खबरी एकाच क्षणी पोचतात. जमायला लागलं की थेरपिस्टचा आवाज हळूहळू बारीक होतो, मग नुसते ओठ हलतात, मग तेही थांबतात. विहिरीत पोहायला शिकवणारा काका आधी पोटाखाली हात धरतो आणि कधी काढून घेतो ते कळत नाही, तसं. एका बैठकीत तोच शब्द पन्नास-शंभर वेळा. स्पर्शाने दचकणाऱ्या लेकराला मात्र आधी विचारून, आवडेल तेवढाच आणि जरा घट्ट स्पर्श करावा लागतो. ओठावरून अलगद फिरलेलं बोट त्याला मुंगी चावल्यासारखं वाटू शकतं. संवेदनांचं ज्ञान इथे कामाला येतं. आवाजाने बिथरणाऱ्या लेकराला पंखा, टीव्ही, कुकर बंद करून बसवलं तर अर्धी लढाई तिथेच हलकी होते.

अशा बैठका आठवड्यात तीन ते पाच व्हाव्यात असं तज्ज्ञ सांगतात. कळमनुरी तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरून नांदेडला आठवड्यात तीनदा जाणं म्हणजे शेतमजुरीचे तीन खाडे. त्यामुळे महिन्यातून एकदा शिकून घ्यायचं आणि घरी दिवसातून चार वेळा, पाच-पाच मिनिटं करायचं, हाच बहुतेकांचा मार्ग असणार. तो अगदी वाईट नाही. एकदम तासभर करण्यापेक्षा थोडं-थोडं पुन्हा पुन्हा केलेलं हालचालींच्या शिक्षणात जास्त टिकतं.

तांड्यावरचा विषय निघाला म्हणून: घरी गोरमाटी आणि अंगणवाडीत मराठी, किंवा घरी दखनी आणि शाळेत मराठी, यामुळे लेकरू ‘गोंधळलं’ आणि बोलेना झालं, हा समज चुकीचा आहे. दोन भाषांनी अ‍ॅप्रॅक्सिया होत नाही. आजीची भाषा तोडायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. आईने गरोदरपणी काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, याचाही संबंध नाही. काही मुलांमध्ये कारण जनुकांत सापडतं. लंडनमधल्या एका कुटुंबात तीन पिढ्यांतल्या निम्म्या माणसांना हा त्रास होता. त्यांच्या अभ्यासातून २००१ मध्ये ‘फॉक्सपी-२’ या जनुकातला दोष समोर आला. अलीकडच्या तपासण्यांमध्ये साधारण तिघांपैकी एका मुलात असं एखादं जनुक सापडतं. उरलेल्यांमध्ये कारण अजून हाती लागलेलं नाही.

नरसी नामदेव हे हिंगोली जिल्ह्यातलंच. इथल्या गावांत लेकरं भजनात मांडीवर बसून वाढतात. टाळांच्या तालावर पालुपद पुन्हा पुन्हा येतं, आणि जे लेकरू दिवसभर धड दोन शब्द जोडत नाही, ते कधीकधी पालुपदाचा शेवटचा शब्द बरोबर जागेवर म्हणून जातं. यात चमत्कार नाही. पाठ झालेली, ठरलेल्या चालीतली ओळ मेंदूला नव्याने जुळवावी लागत नाही, म्हणून ती बऱ्याचदा सोपी जाते. म्हणून काही भजन हा उपचार ठरत नाही. पण आत शब्द आहेत, याची खात्री घरच्यांना तिथे मिळते.

शब्द येईपर्यंत लेकराला मुकं ठेवू नका. बोटाने दाखवणं, खुणा, वहीवर चिकटवलेली चित्रं, मोबाइलवरचं बोलणारं अ‍ॅप, जे जमेल ते द्या. ‘खुणांची सवय लागली की बोलणार नाही’ ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. जेवण हवंय हे सांगता आलं, की आदळआपट कमी होते. ती आदळआपट पुष्कळदा सांगता न आल्याचीच असते.

आणि एक विनंती, पाहुणे म्हणून कुणाच्या घरी जाणाऱ्या आपल्या सगळ्यांना. न बोलणारं लेकरू समोर आलं की ‘नाव सांग बघू काकांना’ म्हणू नका. मागणी केली की नेमका तोच शब्द त्याच्यापासून पळतो. एका हातात गूळ, एका हातात केळं धरा, ‘काय देऊ?’ विचारा, आणि मनात दहापर्यंत मोजा. हात पुढे आला तरी ते उत्तरच आहे, आवाज आला तर तुमचं नशीब.

आईबापांनो, दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नसेल, तर ‘मोठं झालं की बोलंल’ म्हणून वर्ष घालवू नका. आधी कानांची तपासणी, मग वाचातज्ज्ञ. शून्य ते अठरा वयाच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याचा देशातला आरंभ महाराष्ट्रातच, पालघरला झाला, आणि विकासातला उशीर हा त्याच्या तपासणीचा ठरलेला भाग आहे. त्याचं आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. पुढची तारीख अंगणवाडीताईंना विचारून ठेवा.